गच्चीवर हाडं, खिशात आठशे रुपये

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेजच्या कट्ट्यावर एक आयडिया हमखास उगवते. पर्यावरणासाठी काम करणारा आपला एक ग्रुप काढायचा. नुसती झाडं लावून फोटो काढायचे नाहीत, तर काहीतरी बनवायचं. संत्र्याच्या सालीचं उटणं, रिठा-शिकाकाईचा शाम्पू, मेणाचा लिप बाम, खोबरेल तेलाचा साबण. प्लास्टिक नको, कागदात गुंडाळायचं. फेस्टमध्ये स्टॉल लावायचा आणि आलेल्या पैशांतून जिथे पूर आलाय, दुष्काळ आहे, तिथे मदत न्यायची. तुम्हीही असा बेत कधीतरी केला असेल. मग पहिल्या मीटिंगला काय होतं? ग्रुपचं नाव आणि लोगो यावर दोन तास जातात, इन्स्टा पेज त्याच रात्री सुरू होतं, आणि साबण नक्की करायचा कसा हा प्रश्न सायन्सच्या एका बिचाऱ्या मुलीवर ढकलून सगळे घरी जातात.

असा बेत डोक्यात असेल तर आज एका माणसाची नीट ओळख करून घ्या. आचार्य प्रफुल्लचंद्र रे. भारतीय रसायनशास्त्राचे जनक वगैरे म्हणून त्यांचं नाव तुम्ही कुठेतरी ओझरतं वाचलं असेल. मुंबईकरांनी तर त्यांच्या कंपनीचं नाव बसच्या खिडकीतून हजारदा पाहिलंय. प्रभादेवीचा बेंगॉल केमिकल हा बसस्टॉप म्हणजे त्यांच्याच कंपनीची खूण. 1938 मध्ये तिथे त्यांचा कारखाना सुरू झाला. पण आपल्याला त्याच्याही आधीची गोष्ट बघायची आहे. कंपनी नव्हती, कारखाना नव्हता, होती फक्त एक भाड्याची जागा, कॉलेजची नोकरी आणि लोक फेकून देतात त्या वस्तूंकडे बघायची एक विचित्र नजर. तिथपासून.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म 2 ऑगस्ट 1861 चा. गाव राडुली, तेव्हाच्या जेसोर जिल्ह्यातलं, आज बांगलादेशात. वडील हरिश्चंद्र जमीनदार आणि पुस्तकवेडे. शिकायला म्हणून मुलगा कलकत्त्याला गेला, हेअर स्कूलमध्ये बसला, आणि तेराव्या वर्षाच्या आसपास आमांशानं असा आजारी पडला की शाळा सोडून घरी परतावं लागलं. दोनेक वर्षं गेली. पोटाचं दुखणं मात्र जन्मभर गेलं नाही. पण या दोन वर्षांत त्यानं वडिलांची लायब्ररी जवळपास पालथी घातली. इंग्रजी साहित्य, इतिहास, चरित्रं, हाताला येईल ते. पुढे केमिस्ट झाल्यावरही आपण चुकून केमिस्ट झालो असं ते गमतीनं म्हणत असत, त्यामागे ही दोन वर्षं आहेत.

1882 मध्ये गिलख्रिस्ट स्कॉलरशिप मिळवून ते एडिंबरोला गेले. सहा वर्षं राहिले, अलेक्झांडर क्रम ब्राऊन यांच्या हाताखाली शिकले, 1887 मध्ये डी.एस्सी. झाले. मधल्या काळात युनिव्हर्सिटीनं निबंधस्पर्धा ठेवली. विषय होता 1857 च्या उठावाआधीचा आणि नंतरचा भारत. बी.एस्सी.ची परीक्षा डोक्यावर असताना या पठ्ठ्यानं प्रयोगशाळा बाजूला ठेवली, लायब्ररीतून गठ्ठ्यानं पुस्तकं आणली आणि इंग्रजी राज्यावर सडकून टीका करणारा निबंध इंग्रजांच्याच स्पर्धेत दिला. बक्षीस अर्थातच मिळालं नाही. मग त्यांनी तो छापूनच टाकला.

1888 मध्ये परत आले तर नोकरी नाही. विलायतेची डॉक्टरेट घेऊन आलेला माणूस जवळपास वर्षभर बेकार! या काळात ते जगदीशचंद्र बोस यांच्या घरी राहिले आणि वनस्पतीशास्त्राची जाडजूड पुस्तकं घेऊन झाडापाल्याचा अभ्यास करत बसले. हे वर्ष लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. अखेर 1889 मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात तात्पुरती जागा मिळाली, पगार 250 रुपये. त्याच लायकीच्या, किंवा कमी लायकीच्या, गोऱ्या प्राध्यापकाला वरच्या श्रेणीत घेत आणि कितीतरी जास्त पगार देत. याबद्दल ते शिक्षण खात्याच्या साहेबाकडे तक्रार घेऊन गेले. साहेबानं सुनावलं की आयुष्यात इतरही वाटा आहेत, ही नोकरी घ्यायची जबरदस्ती कुणी केलेली नाही.

प्रफुल्लचंद्रांनी नोकरीही घेतली आणि दुसरी वाटही धरली. मला या माणसाचं हेच आवडतं.

त्या दुसऱ्या वाटेमागचं कारण मात्र अपमानाचं नव्हतं, त्यांच्या वर्गात बसलेल्या पोरांचं होतं. बंगालमध्ये दरवर्षी शेकड्यांनी ग्रॅज्युएट तयार होत होते आणि सगळे सरकारी कचेरीत कारकून व्हायला धावत होते. उरलेले वकील. केमिस्ट्रीची पदवी असलेला मुलगाही शेवटी खर्डेघाशीच करायचा. आणि औषधाच्या दुकानात अगदी साधं मीठ, साधं आम्लसुद्धा जहाजानं इंग्लंडहून यायचं. आपल्याकडे कच्चा माल आहे, शिकलेली पोरं आहेत, मग मधलं काय अडतंय? हा प्रश्न त्यांनी भाषणात विचारून सोडून दिला नाही. 1892 च्या सुमारास 91, अपर सर्क्युलर रोड या भाड्याच्या घरात त्यांनी काम सुरू केलं. भांडवल जेमतेम 700-800 रुपये. वडिलांच्या इस्टेटीवर कर्ज होतं, ते पगारातून फेडून उरलेले हे पैसे. दुपारी चारनंतर कॉलेज सुटलं की घरी येऊन हे साहेब भट्टीपाशी.

आता इथे थांबून त्यांचे पहिले प्रयोग नीट बघा, कारण ते फसले.

पहिली कल्पना होती लिंबाची. लिंबाच्या रसापासून सायट्रिक अ‍ॅसिड काढायचं. ऐकायला किती छान! नैसर्गिक, देशी, ताजं. पण हिशेब मांडल्यावर कळलं की कलकत्त्याच्या बाजारात एवढी लिंबं एवढ्या स्वस्तात मिळतच नाहीत. कल्पना बंद. दुसरी होती सज्जीमातीची, म्हणजे पापडखारासारखा जमिनीतून मिळणारा ओबडधोबड खार. तो शुद्ध करून धुण्याचा सोडा बनवायचा. करून पाहिला. बनला. पण इंग्लंडच्या ब्रनर मॉन्ड कंपनीचा सोडा समुद्र ओलांडून येऊनही त्यापेक्षा स्वस्त पडत होता आणि जास्त शुद्ध होता. हीही कल्पना बंद. देशप्रेमाचं लेबल लावून महागडा आणि हलका माल गळ्यात मारता आला असता. त्यांनी मारला नाही.

तुमच्या उटण्याच्या बाबतीत हा हिशेब कुणी मांडलाय का? शंभर ग्रॅम सालीची पूड करायला किती संत्री लागतात, वाळवायला किती दिवस, पावसाळ्यात बुरशी आली तर काय? कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये रोज ज्यूसच्या गाड्यावरून सालीची पिशवी कचऱ्यात जात असेल तर गोष्ट वेगळी. पण उटण्यासाठी म्हणून बाजारातून संत्री विकत आणली, तर पर्यावरणाचं नाव कशाला घ्यायचं?

प्रफुल्लचंद्रांना हेच सुचलं. विकत घ्यावं लागतं ते नको, फेकलं जातं ते शोधू. आणि त्यांनी शोधली हाडं.

खाटिकांकडे गुरांच्या हाडांचे ढीग पडलेले असत. हाड जाळलं की जी राख उरते ती बहुतेक सगळी कॅल्शियम फॉस्फेट. त्यावर सल्फ्युरिक अ‍ॅसिडची क्रिया केली की सुपरफॉस्फेट मिळतं, आणि पुढे सोडा वापरून फॉस्फेट ऑफ सोडा, म्हणजे तेव्हाच्या औषधांत लागणारं एक क्षार. अकरावीच्या केमिस्ट्रीएवढं सोपं. मग काय, पोतीच्या पोती हाडं घरी आली आणि वाळायला म्हणून गच्चीवर पसरली. हिवाळ्याचे दिवस, ऊन पडेल अशी खात्री. पण नेमका पाऊस लागला आणि बरेच दिवस थांबेना. हाडांना चिकटलेलं मांस कुजलं, किडे पडले. कावळ्यांना मेजवानी मिळाली, आणि त्यांनी ती आजूबाजूच्या घरांवर वाटली. शेजारी कर्मठ हिंदू. त्यांच्या अंगणात आकाशातून गुरांची हाडं पडायला लागली. तक्रार म्युनिसिपालिटीत गेली आणि हाडं ताबडतोब हलवा असा निरोप आला.

शहराबाहेर एक मोकळी जागा मिळाली. तिथे ढीग रचून रात्री पेटवला. तर पोलीस धावत आले! कुणाचा तरी खून करून प्रेत गुपचूप जाळताहेत असा त्यांना संशय. बांबूनं ढीग उपसून बघितल्यावर त्यांची खात्री पटली. प्रफुल्लचंद्रांनी ही हकीकत आपल्या आत्मचरित्रात मोठ्या मजेत लिहिली आहे, पण त्या रात्री प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राध्यापकाची अवस्था काय झाली असेल याची कल्पना करा.

हीच राख ते वर्गात घेऊन जायचे. पोरांसमोर हाडाचा तुकडा जाळायचे आणि राखेची चिमूट तोंडात टाकायचे. आता यात प्राणी उरलेला नाही, हे एक रासायनिक संयुग आहे, एवढंच त्यांना दाखवायचं असे. 1890 च्या दशकातल्या कलकत्त्यात, भद्रलोक घरांतल्या मुलांपुढे, गुराच्या हाडाची राख! आज आपण व्हीगन लेबलवर वाद घालतो, त्यांच्यापुढचा वाद जातीतून बाहेर टाकण्यापर्यंत जाणारा होता. ब्राह्मो समाजाच्या संस्कारात वाढल्यामुळे त्यांना त्याची पर्वा नव्हती.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. पर्यावरण हा शब्द आज आपण ज्या अर्थानं वापरतो तो त्यांच्या डोक्यात नव्हता. सल्फ्युरिक अ‍ॅसिडशिवाय त्यांचं पान हलत नसे आणि त्यासाठी त्यांनी अ‍ॅसिड बनवणारा छोटा कारखानाही घेतला. त्याला आजच्या कुठल्याच अर्थानं हरित म्हणता येणार नाही. म्हणून त्यांना ओढूनताणून पर्यावरणवादी करू नका. टाकाऊमधून टिकाऊ करताना नेमकं काय करावं लागतं, हे मात्र त्यांच्याइतकं क्वचितच कुणी करून दाखवलं असेल.

माल तयार झाला, पण घेणार कोण? औषधाचे दुकानदार बाटली हातात घेत, लेबल बघत आणि परत देत. गिऱ्हाईकाला विलायती माल पाहिजे, देशी बाटली आम्ही ठेवली तर लोक हसतील, असा सूर. आजच्या नेमकं उलटं आहे ना? आज गावठी, हँडमेड, केमिकल-फ्री असं लिहिलं की दहा रुपये जास्त मिळतात. तेव्हा देशी म्हटलं की दहा रुपये कमी. अशा वेळी त्यांच्या मदतीला आले डॉक्टर अमूल्यचरण बोस. चांगली चालणारी प्रॅक्टिस असलेला हा डॉक्टर स्वतः या उद्योगात उतरला, आपल्या रुग्णांना ही औषधं लिहून देऊ लागला, इतर डॉक्टरांना पटवू लागला. आणि त्यानं आणखी एक दार उघडलं. आयुर्वेदातल्या वनस्पती. अडुळशाचं सरबत, ओव्याचा अर्क, कुड्याच्या सालीचा अर्क. आपल्या आज्या जे चुलीवर उकळायच्या तेच. बेकारीच्या वर्षात केलेला झाडापाल्याचा अभ्यास आता उपयोगी पडला.

पण आजीच्या काढ्यात आणि या बाटलीत एक फरक होता. प्रत्येक बाटलीत औषधाचं प्रमाण सारखं असलंच पाहिजे, हा प्रफुल्लचंद्रांचा हट्ट. ब्रिटिश फार्माकोपियात जे मोजमाप दिलंय त्यात आपला माल बसला पाहिजे, तपासणीत एक तसूही कमी पडता कामा नये. देशी आहे म्हणून सूट नाही. उलट देशी आहे म्हणून जास्त कडक.

लिप बाम आणि फेस पॅक करणाऱ्या मंडळींनी इथे कान टवकारावेत. नैसर्गिक म्हणजे सुरक्षित, हे आपण गृहीतच धरून चालतो. लिंबाचा रस नैसर्गिकच आहे. तो चेहऱ्याला लावून उन्हात गेलात तर चट्टे उठू शकतात. कोरफडीचा ताजा गर नैसर्गिकच आहे. पाण्याचा अंश असलेला असा गर काहीही न घालता डबीत भरून ठेवला तर काही दिवसांत त्यात जंतूंची वसाहत होते. साबण करताना कॉस्टिक सोडा तेलाच्या हिशेबापेक्षा जास्त पडला तर तो वडीत शिल्लक राहतो आणि अंगाची आग करतो. कॅन्टीनच्या उरलेल्या तळणीच्या तेलाचा कपडे धुवायचा साबण उत्तम होतो, पण तो तोंडाला लावायला विकू नका. आणि हो, सौंदर्यप्रसाधनं विकण्यासाठी बनवायची तर आपल्याकडे सरकारी परवाना लागतो. 1940 च्या औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायद्यात ते येतं. पन्नास वड्यांसाठी कोण विचारतंय, असं म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला खजिनदार करू नका.

हे सगळं एवढ्या कळकळीनं सांगायचं कारण त्यांच्याच गोष्टीत आहे. अमूल्यचरणांच्या नात्यातला सतीशचंद्र सिंह नावाचा एक तरुण केमिस्ट सुरुवातीच्या काळात कामाला येऊन मिळाला होता. केमिस्ट्रीत एम.ए. झालेला, नोकरीमागे न धावता या धडपडीत उतरलेला. म्हणजे प्रफुल्लचंद्रांना जसा विद्यार्थी हवा होता तसाच. प्रयोगशाळेत काम करताना हायड्रोसायनिक अ‍ॅसिडच्या अपघाती विषबाधेनं तो गेला. आणि 1898 मध्ये कलकत्त्यात प्लेग आला, त्यात रुग्णांना तपासणारे अमूल्यचरणही गेले. पाचसहा वर्षांच्या आत उजवा आणि डावा, दोन्ही हात गळून पडले. ज्या घरात काम चालायचं तिथे आता प्रफुल्लचंद्र एकटे. दिवसा कॉलेज, तिथलं संशोधन (1896 मध्येच त्यांचं मर्क्युरस नायट्राइटवरचं गाजलेलं काम प्रसिद्ध झालं होतं), आणि संध्याकाळी ही भट्टी. सोडून देणं अगदी सोपं होतं. कुणी नावं ठेवली नसती.

त्यांनी सोडलं नाही एवढंच आपल्याला माहीत आहे. 12 एप्रिल 1901 रोजी या उद्योगाची लिमिटेड कंपनी झाली, बेंगॉल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स. 1903 मध्ये राजशेखर बसू नावाचा तरुण केमिस्ट आला आणि पुढे त्यानं कंपनीचा कारभार उचलून धरला. हेच राजशेखर बसू परशुराम या नावानं बंगालीतले अफलातून विनोदी लेखक झाले. 1905 मध्ये माणिकतल्याला मोठा कारखाना उभा राहिला. फिनेल, डांबरगोळ्या, औषधं, आणि पुढे सौंदर्याच्या कपाटातली एक वस्तूही आली, कँथरायडिन हेअर ऑइल. बंगाली घरांत हे तेल पिढ्यान् पिढ्या चाललं. त्या नावातली गंमत अशी की कँथरायडिन हा पदार्थ मुळात एका भुंगेऱ्याच्या अंगातून मिळतो. तुमच्या ग्रुपमधल्या व्हीगन मेंबरला आधी सांगून ठेवा.

त्याच 1905 मध्ये वंगभंग झाला आणि स्वदेशीची लाट आली. एका रात्रीत लेबलची किंमत उलटी झाली. काल देशी म्हणून परत येणारी बाटली आज देशी म्हणून खपू लागली. साबण, काड्यापेट्या, निबं, बटणं, जो तो कारखाना काढायला निघाला. त्यातले बरेच काही वर्षांतच बुडाले. कारण साधं आहे. भावनेच्या भरात माणूस वाईट साबणाची एक वडी घेतो. दुसरी घेत नाही. बेंगॉल केमिकल टिकलं, कारण लाटेआधीची तेरा वर्षं त्यांनी लेबलच्या मदतीशिवाय काढली होती. आज इको-फ्रेंडली या शब्दाला जी लाट मिळाली आहे तिच्यात उतरताना ही तेरा वर्षं आठवावीत, असं मला वाटतं.

पैशांचं काय केलं? याचा पुरावा आपल्या महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा कायदेमंडळाच्या कामासाठी कलकत्त्यात राहत आणि प्रफुल्लचंद्र त्यांचे शेजारी, रोज येणंजाणं. 1901-02 च्या सुमारास गांधीजी महिनाभर गोखल्यांकडे उतरले होते. गोखल्यांनी ओळख करून देताना सांगितलं की या प्राध्यापकांचा पगार आठशे रुपये आहे, त्यातले चाळीस स्वतःला ठेवतात आणि बाकीचे सार्वजनिक कामाला देतात. गांधीजींनी आत्मकथेत याची नोंद केली आहे. लग्न केलं नाही, खर्च नव्हताच. 1916 मध्ये प्रेसिडेन्सीतून निवृत्त होऊन ते युनिव्हर्सिटीच्या सायन्स कॉलेजात गेले, आणि 1921 मध्ये साठी झाल्यावर पुढचा सगळा पगार त्यांनी युनिव्हर्सिटीलाच देऊन टाकला.

साठीनंतर माणसं काय करतात? प्रफुल्लचंद्रांनी विद्यार्थ्यांना घेऊन पूरग्रस्तांचं काम केलं. 1921 मध्ये खुलना भागात दुष्काळ पडला, तेव्हा मदतीसाठी ते हिंडले. आणि 1922 च्या सप्टेंबरात उत्तर बंगालमध्ये प्रचंड पूर आला. गावंच्या गावं पाण्याखाली, पिकं गेली, गुरं वाहून गेली. बेंगॉल रिलीफ कमिटी स्थापन झाली, अध्यक्ष प्रफुल्लचंद्र. ऑफिस कुठे? सायन्स कॉलेजच्या इमारतीत. जिथे टेस्ट ट्यूब खळखळायच्या तिथे तांदळाची पोती, जुन्या कपड्यांचे डोंगर आणि मनीऑर्डरींचे ढीग. विद्यार्थी कपडे निवडताहेत, गाठोडी बांधताहेत, हिशेब लिहिताहेत. प्रत्यक्ष पुराच्या भागात सांताहारला स्वयंसेवकांची फळी घेऊन गेला तो आय.सी.एस. सोडून आलेला पंचवीस वर्षांचा तरुण, सुभाषचंद्र बोस. मुंबईपासून देशाच्या कानाकोपऱ्यातून मदत आली. सरकारपेक्षा या म्हाताऱ्या प्राध्यापकाच्या हिशेबावर लोकांचा जास्त विश्वास होता.

मला त्यातली अधिक महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. पूर आला की मदत पाठवायची, फोटो काढायचे आणि घरी यायचं, एवढ्यावर प्रफुल्लचंद्र थांबले नाहीत. एवढं पाणी तुंबलं का, हा प्रश्न त्यांनी विचारला. रेल्वेचे उंच बांध घातले, पण पाणी जायला पुरेशा मोऱ्या ठेवल्या नाहीत, त्यामुळे पाण्याची नैसर्गिक वाट अडली, असं ते उघडपणे मांडत राहिले. केमिस्ट होते, नद्यांचे इंजिनिअर नव्हते. पण मदतीला गेलेल्या माणसानं डोळे उघडे ठेवले तर काय दिसतं याचं हे उदाहरण. तुमच्या शहरातला नाला दर पावसाळ्यात का तुंबतो हे तुमच्या ग्रुपनं कधी चालत जाऊन बघितलंय?

दुसरं म्हणजे पाणी ओसरल्यावरही त्यांची माणसं तिथून हलली नाहीत. पेरणीपर्यंत लोक खाणार काय? मग त्या भागात चरखे गेले, सूतकताई सुरू झाली. आधी ज्या प्रफुल्लचंद्रांना चरख्यात फारसं काही दिसत नव्हतं, त्यांनी दुष्काळ आणि पूर पाहिल्यावर मत बदललं आणि स्वतः रोज सूत काढायला बसले. कारखाने काढणारा माणूस चरखा चालवतो, म्हणून त्यांच्यावर हसणारेही होते. बेंगॉल केमिकलमधला त्यांचा हुशार विद्यार्थी सतीशचंद्र दासगुप्ता तर कंपनीतली उत्तम नोकरी सोडून खादीच्या कामात कायमचा गेला. गुरूनं त्याला अडवलं नाही.

आणि विद्यार्थी म्हणाल तर यादीच बघा. मेघनाद साहा, सत्येंद्रनाथ बोस, ज्ञानचंद्र घोष, नीलरतन धर. कुणी त्यांच्या वर्गात बसलं, कुणी त्यांच्या हाताखाली संशोधन केलं. यातले अनेक जण गरीब घरांतून, खेड्यांतून आलेले. 1924 मध्ये इंडियन केमिकल सोसायटी निघाली ती याच पोरांच्या पुढाकारानं आणि पहिले अध्यक्ष झाले गुरुजी.

1919 मध्ये सरकारनं त्यांना सर ही पदवी दिली होती. लोकांनी दिलेली आचार्य ही पदवी मात्र जास्त टिकली. सायन्स कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर एका खोलीत ते राहत. एक खाट, पुस्तकांची कपाटं, अंगावर जाडाभरडा खादीचा कोट. काही गरीब विद्यार्थी त्यांच्याकडेच राहत. जेवण मोजकं, कारण लहानपणीचं ते पोटाचं दुखणं अजून सोबत होतं. संध्याकाळी मैदानावर फिरायला जायचं आणि भोवती पोरांचा घोळका. 1936 मध्ये पंचाहत्तरीला त्यांनी प्राध्यापकी सोडली, पण खोली सोडली नाही. युनिव्हर्सिटीनंही सोडा म्हटलं नाही. 1943 चा बंगालचा दुष्काळ त्यांनी त्याच खोलीत अंथरुणावरून पाहिला. आता पोती उचलायला जाण्याइतकं अंगात बळ नव्हतं. 16 जून 1944 रोजी त्याच खोलीत, विद्यार्थ्यांच्या गराड्यात ते गेले. तेव्हा खाली तळमजल्यावरच्या प्रयोगशाळा नेहमीसारख्या सुरू होत्या, आणि माणिकतल्याच्या कारखान्यातून फिनेलच्या बाटल्या बाहेर पडत होत्या.